बारमाही बेट

“तुमीच सांगा कुठलं ते,” अमीरबी म्हणाली. “आन् या खेपेला थांबू नका.”

चहा गाळता गाळता, आवाज न चढवता, दूध संपत आलंय असं सांगावं तसं तिनं हे सांगितलं. महबूबनं बशीत चहा ओतला, फुंकर घातली, भुरका मारला आणि ‘बरं’ म्हणाला. बायकोच्या बोलण्याला ‘बरं’ म्हणायची त्याची जुनी सवय होती. पुष्कळदा तर ती बोलायच्या आधीच त्याचं ‘बरं’ तयार असायचं. मालगाडीचा गार्ड माणूस. सगळं आयुष्य ब्रेकव्हॅनमध्ये, गाडीच्या शेपटाला बसून गेलेलं. पुढं इंजिनात काय झालं ते त्याच्यापर्यंत उशिरानंच पोचायचं, सगळे डबे एकमेकांवर आपटत आपटत शेवटी त्याला धक्का बसायचा. या वाक्याचंही तसंच झालं. टोपी डोक्यावर ठेवून त्यानं क्वार्टरचं दार ओढून घेतलं, नळावर भांडणाऱ्या बायकांना वळसा घातला, आणि दौंड स्टेशनाच्या पुलाच्या पायरीवर पाय ठेवला तेव्हा कुठं ते येऊन पाठीत बसलं. या खेपेला. म्हणजे आधी एक खेप झाली होती, आणि त्या खेपेला तो थांबला होता. इतकी वर्षं संसार करून, एक लेक वाढवून सोलापूरला देऊन, म्हातारीला मातीआड करून, आज सकाळी बायको सांगत होती की तिला ते ठाऊक आहे. महबूब कठड्याला धरून उभा राहिला. मागून येणारा पाटीवाला ‘सायेब, चला की म्होरं’ म्हणून ओरडला तेव्हा तो बाजूला झाला.

खरं तर गोष्ट साधी होती. अमीरबीची थोरली बहीण खुर्शिद हिवाळ्यात वडगाव रासाईला काविळीनं गेली. चाळिसावा होईपर्यंत अमीरबी तिकडंच राहिली आणि परत आली ती निम्मी होऊन. रडत नव्हती. स्वयंपाक करायची, शेजारणीशी बोलायची, पण भाकरी तव्यावर टाकून उलटायची विसरायची आणि करपल्याचा वास घरभर झाला तरी तिथंच बसून राहायची. महबूबला वाटलं, हिला कुठंतरी घेऊन जावं. वर्षाचा रेल्वेचा पास शिल्लक होता. आजवरचे त्याचे सगळे पास लग्नांत, मयतीत आणि लेकीच्या बाळंतपणात गेले होते. नुसती हवा खायला म्हणून पास काढणारं माणूस त्याच्या घरात झालं नव्हतं आणि सासरीही झालं नव्हतं. पण कुठं जायचं याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. जायचं ते समुद्रात, एखाद्या बेटावर. कारण लग्नाच्याही आधी, नदीच्या वाळूत बसून अमीरबी एकदा तसं म्हणाली होती, आणि ते तिचं म्हणणं त्यानं इतकी वर्षं जपून ठेवलं होतं. तिला बोलून दाखवलं नव्हतं, पण विसरलाही नव्हता. पासाचं काम बघणारे पोपटराव कारकून दर वर्षी बायकापोरं घेऊन कुठं ना कुठं जायचे. त्यांनी दोन बेटं सुचवली. एक मुंबईहून लाँचनं जायचं: माडांचं, गर्द सावलीचं, गोड्या पाण्याची विहीर असलेलं, मधोमध एका पिराचं ठाणं. दुसरं मालवणच्या अंगाला: पुण्याला लहान रुळांच्या गाडीत बसून कोल्हापूर, तिथून यष्टीनं घाट उतरून खाली, आणि मग होडी. ते नुसतं वाळूचं, पांढरंफेक, झाड म्हणून नाही. मासे वाळवायला कोळी येतात तेवढेच. दोन्ही पासांची तोंडं दोन दिशांना. पास एकदा लिहिला की लिहिला. म्हणून दोन दिवस तो अमीरबीला विचारत होता, कुठलं बेट? आणि दोन दिवस ती तांदूळ निवडत, कपडे घड्या करत, ‘बघू’ म्हणत होती.

पोपटरावांकडे जायचं सोडून तो फलाटाच्या टोकाला, पाण्याच्या टाकीखालच्या बाकावर जाऊन बसला. उन्हं वर येत होती. यार्डात एक इंजिन रिकामंच मागंपुढं करत होतं. त्या इंजिनाच्या धुराच्या वासात त्याला एकदम ओल्या वाळूचा वास आला, आणि वाळूवर कापून ठेवलेल्या खरबुजाचा. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस. महबूब तेव्हा नुकता रेल्वेत लागलेला, मिसरूड फुटलेला, आणि त्याच्याबरोबर कामाला असलेला इनुस वडगाव रासाईचा. इनुस एका सुट्टीला म्हणाला, चल, आमच्या गावाला अमजदभाई बागवानांची नदीतली वाडी हाय, पोट फुटेस्तवर खरबुजं खाऊ. दोघं केडगावला उतरले, खुटबावच्या शेतांमधून चालत चालत भीमेकाठी आले आणि धोतर, विजार गुडघ्यावर खोचून पाण्यात शिरले. उन्हाळ्यात नदीचं पाणी दोन धारांत वाटलं जाई आणि मधे वाळूची बेटं उघडी पडत. अमजदभाई दर साल त्यांतल्या एका बेटावर चर खणून, शेणखत भरून वेल लावायचे. धारेला लागून खोप घालायचे आणि सगळं कुटुंब मृगापर्यंत तिथंच राहायचं. पाऊस आला की नदी खोप, वेल, बेट सगळं घेऊन जायची, आणि पुढल्या साली बेट दुसरीकडंच कुठं तरी निघायचं.

त्या संध्याकाळी एक मुलगी कमरेवर कलिंगड घेऊन धार ओलांडत होती. मधेच पाय घसरला, कलिंगड सुटलं आणि पाण्यावर डुचमळत खाली चाललं, आणि ती त्याच्यामागं पळायचं सोडून तिथंच कमरभर पाण्यात उभी राहून हसत सुटली. इतकं मोकळं हसणं महबूबनं आपल्या घरात कधी ऐकलं नव्हतं. इनुस म्हणाला, “ती थोरली. खुर्शिद. खुळीच हाय जरा.” मग सगळे वाळूवर बसले. सूर्य खोपीमागं गेला होता. खोपीच्या तोंडाशी बायका बसलेल्या, पण उजेड त्यांच्या पाठीशी, त्यामुळं तोंडं काळी. कोण कुठली कळत नव्हती. अमजदभाई सांगत होते की गेल्या साली वाडी कशी आठ दिवस आधीच बुडाली. तेव्हा त्या काळोखातून एक आवाज आला, “समुंदरात म्हनं बेटं असत्यात, ती कवाच बुडत न्हाईत. बारमाही. तसलं बेट एकदा बघायला पायजे.” अमजदभाई म्हणाले, “व्हय, तुझी आजी ठिवून गेलीय तिथं.” सगळे हसले. महबूब हसला नाही. तो आवाज त्याच्या कानात राहिला. हसणं एकीचं आणि आवाज दुसरीचा, असं त्यानं नंतर केव्हातरी ठरवलं. केव्हा ठरवलं, ते आता या बाकावर बसून आठवू म्हटलं तर आठवत नव्हतं. पण ते ठरवण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हतं, एवढं मात्र आठवत होतं.

कारण घरी येऊन त्यानं आईला सांगितलं होतं, वडगावच्या बागवानांची थोरली. आईनं, बिबीजाननं, विचारपूस केली, निरोप धाडला आणि आपल्या बहिणीला घेऊन मुलगी बघायला गेली. महबूबची तेव्हा मनमाडला बदली झाली होती, तो नव्हताच. जे घडलं ते त्याला पुढं इनुसनं सांगितलं. बिबीजानला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. पण ते कबूल करेल तर ती बिबीजान कसली! सुईत दोरा ओवता येईना तर सुयाच हल्ली वाईट निघतात म्हणायची. वडगावला दुपारच्या उन्हातून तिला माजघरात नेलं, तिथं काळोख. रिवाजाप्रमाणं मुलगी खाली मान घालून बसलेली, डोक्यावरून ओढणी. आणि थोरलीला धीर म्हणून शेजारी धाकटी, तीही ओढणी घेऊन. बिबीजान बसली, बोलली, विडा खाल्ला. मग पदराची साखरेची पुडी सोडली, हात पुढं केला, एक हनुवटी चाचपली, ‘माशाअल्ला’ म्हणाली आणि चिमूटभर साखर त्या तोंडात घातली. ती धाकटी होती. अमीरबी. पंधरा वर्षांची. साखर तोंडात पडली की सोयरीक पक्की; ती थुंकायची नसते, थुंकली तर दोन्ही घरांचं वाटोळं. माजघरातल्या बायकांच्या तोंडचं पाणी पळालं. पण पाहुणीला ‘तुम्हांला दिसत नाही’ म्हणणार कोण? बिबीजानच्या बहिणीला वाटलं, हिनं आयत्या वेळी मन बदललं. अमजदभाईंना वाटलं, असेल त्यांची मर्जी. आणि खुर्शिद, इनुसच्या आईनं बघितलं होतं, खुर्शिद तशीच खाली मान घालून बसून राहिली; सगळे उठून बाहेर गेले तरी बसून होती. बिबीजान मात्र मरेपर्यंत आल्यागेल्याला सांगायची, “लोक डोळ्यांनी सून बघत्यात. मी हनुवटी चाचपून आणली.”

महबूब लग्नाच्या दिवशीच मनमाडहून येऊन पोचला. घाईगर्दी, त्यातून घरात मुलीचं नाव घ्यायची पद्धत नव्हती. सगळे ‘वडगावची’ म्हणायचे. तोही मनातल्या मनात वडगावची म्हणत, फुलांचा सेहरा तोंडावर घेऊन मांडवात बसला. काझींनी वाचलं, अमजद बागवान यांची मुलगी अमीरबी. मेहर अमुक. तुम्हांला कबूल?

आणि महबूब थांबला.

किती थांबला? तो बाकावर बसून ते मोजायचा प्रयत्न करत होता, जसा आजवर कित्येकदा ब्रेकव्हॅनमध्ये, सिग्नल पडायची वाट बघत बसून केला होता. एक श्वास? दोन? सेहऱ्याच्या फुलांचा वास नाकात भरला होता. कुणीतरी खाकरलं. त्याला वाटलं, काझी चुकले. मग वाटलं, आपणच चुकलो, नाव आपण उलटं ऐकलं होतं. मग पाण्यात उभी राहून हसणारी दिसली. मग पडद्याआडून आईचा आवाज आला, कौतुकानं भरलेला, “बोल, बेटा.” आणि त्या आवाजासरशी त्याला सगळं कळलं. कसं कळलं कुणास ठाऊक, पण आईचे डोळे, माजघर, सगळं एका झटक्यात कळलं. आता तोंड उघडलं तर भर मांडवात आई आंधळी ठरणार होती आणि दोन मुली कायमच्या बिनलग्नाच्या बसणार होत्या. त्यानं ‘कबूल’ म्हटलं. तीनदा म्हटलं, मोठ्यानं म्हटलं. मांडवात खारका उधळल्या गेल्या. सेहऱ्याआडचं तोंड कुणाला दिसलं नव्हतं. नवरदेव लाजला, असं समजून लोक हसले होते, आणि महबूबनं तेच धरून ठेवलं होतं: कुणाला काही कळलं नाही. पडद्याच्या पलीकडे हात-दोन हातांवर एक पोरगी मेंदीची मूठ मिटून, जीव कानांत आणून बसली असेल, हे त्याच्या डोक्यात कधी आलंच नाही. आज सकाळपर्यंत आलं नाही.

इंजिन थांबलं होतं. महबूबनं टोपी काढून कपाळ पुसलं. त्याला एकेक गोष्ट नव्यानं दिसायला लागली आणि दिसेल ती टोचायला लागली. खुर्शिदचं पुढं फरफटच झालं. थोरलीला सोडून धाकटी नेली म्हणजे थोरलीत काहीतरी खोट असणार, असं लोकांनी धरलं. पुष्कळ उशिरा तिला पाटसच्या एका बिजवराला दिली. त्याचं रस्त्याकडेला चहाचं हॉटेल होतं. तो मेला, मूलबाळ नव्हतं, ती परत वडगावला आली आणि बापाच्या वाडीवर राबली. पानशेतचं पाणी आलं त्या साली नदीनं वाळूच इकडची तिकडं केली. त्यानंतर वाडीही संपली. दर ईदेला ती टोपली घेऊन दौंडला यायची. आणि ती आली की महबूब मान वर करायचा नाही. सलाम करायचा, जमिनीकडे बघून ‘आपा, बऱ्या हायसा न्हवं?’ विचारायचा आणि ड्यूटी असो नसो, स्टेशनावर निघून जायचा. आपण सरळ वागतो, बायकोचा मान राखतो, याचा त्याला मनातून अभिमानच होता. इतकी वर्षं त्यानं खुर्शिदचं तोंड नीट बघितलं नव्हतं. आता त्याला अमीरबीच्या जागी बसून ते दिसलं. नवरा जिच्याकडे बघू शकत नाही ती बहीण, आणि जिच्याकडे रोज बघून ‘बरं’ म्हणतो ती आपण. लेकीला बघायला सोलापूरचे पाहुणे आले तेव्हा अमीरबी हट्टाला पेटली होती: पोरगी अंगणात, उन्हात बसंल. डोकं उघडं ठिवंल. नाव इचारा, तिच्या तोंडून ऐका, मंग साखर. महबूबला तेव्हा ते चमत्कारिक वाटलं होतं. तो ‘बरं’ म्हणाला होता.

आणि तरीही, त्याला ओरडून सांगावंसं वाटलं, तरीही मला तू हवी होतीस. आज नव्हे, फार दिवसांपासून. केव्हापासून म्हणशील तर नेमकं सांगता येणार नाही. म्हातारीला हाताला धरून परसात नेताना तू ‘अम्मा, पायरी’ म्हणायचीस तेव्हापासून असेल. माझा हातातला कंदील तू ड्यूटीच्या आधी रोज राखेनं घासायचीस, लाल काच, हिरवी काच, आणि उजेडाकडे धरून एक डोळा मिटून बघायचीस तेव्हापासून असेल. कुर्डुवाडीपलीकडे, माळावर गाडी तासन् तास उभी राहते तेव्हा मी त्याच हिरव्या काचेकडे बघत बसतो. मला त्यात खुर्शिद दिसत नाही. तिचं तोंडच मला आठवत नाही. पण हे असलं कुणी बायकोला सांगतं का? महबूबच्या बापानं सांगितलं नव्हतं, इनुस सांगत नव्हता. आणि सांगायचं तर त्या थांबण्यापासून सुरुवात करावी लागणार होती.

मग त्याला तो आवाज आठवला, आणि इतका वेळ छातीवर बसलेलं ओझं जरा हललं. हसली ती खुर्शिद, असेल. पण बोलली ती अमीरबी. बारमाही बेट म्हणणारी अमीरबी. म्हणजे त्याच संध्याकाळी, काळोखात, त्यानं तिलाही निवडलं होतंच की. डोळ्यांनी थोरली निवडली, कानांनी धाकटी. आई चुकली ती अर्धीच चुकली. हे तिला सांगितलं तर? समोर बसवून सांगायचं: तू बोललेलं मी विसरलो नाही, म्हणून तर हे बेट. माडांचं नको, वाळूचं. तुझ्या वाडीसारखं. फक्त न बुडणारं. महबूबनं ते वाक्य मनात दोन-तीनदा म्हणून बघितलं. त्याला स्वतःलाच भरून आलं. टोपी घालून तो उठला.

पोपटराव पानाची चंची सोडून बसले होते. “काय गार्डसाहेब, ठरलं का? आज बुकावर घ्यायचं म्हंजी घ्यायचं. उद्यापासनं मी रजेवर.”

“कोल्हापूर,” महबूब म्हणाला. पोपटरावांचं बोलणं पुरं व्हायच्या आत म्हणाला.

“अरारा! एकदम ठाम? परवा तर मुंबई-कोल्हापूर, मुंबई-कोल्हापूर करत व्हता.” पोपटरावांनी चुना बोटावर घेतला. “वहिनींना इचारलंय न्हवं? न्हाईतर माझ्या मंडळीवानी व्हायचं. आमाला रामेसरला न्हेलं आन् परत येस्तवर म्हनत व्हती, मला कुठं यायचं व्हतं.”

“तिचंच हाय हे. लई जुनं म्हननं हाय तिचं.”

“मंग झालं तर. वाळूत चप्पल घालून जा म्हनावं, पाय भाजत्यात. सावली न्हाई तिथं.” पोपटरावांनी लिहायला घेतलं आणि महबूब बाहेर पडला. येताना त्यानं बाजारातून पावशेर पेढे घेतले. का घेतले, त्याला सांगता आलं नसतं.

अमीरबी दारात बसून कंदील पुसत होती. चारच्या मालगाडीवर त्याची ड्यूटी होती. तिनं वर बघितलं, हातातल्या पुडीकडे बघितलं आणि पुन्हा काचेला लागली.

“कोल्हापूरच्या बाजूचं,” महबूब उंबऱ्याशीच म्हणाला. “वाळूचं. पास लिहिला. थांबलो न्हाई.”

“बरं,” ती म्हणाली.

तो तिच्यासमोर भिंतीला टेकून बसला. त्यानं जुळवून आणलेलं सगळं तोंडाशी आल्यावर विस्कटलं. “तवा मी थांबलो व्हतो,” तो म्हणाला. “मांडवात. तू ऐकलंस ते खरं हाय.”

“अम्माच्या डोळ्यांपायी झालं ते. मला काय ठावं न्हाई व्हय? साखर तोंडात पडली तवाच कळलं, ही माझी न्हवं. थुकावी तर समदी माझ्याकडं बघत्यात. चघळली बी न्हाई मी. आपसूक इरघळली.” तिनं कापडावर राख घेतली. “जाऊ द्या. आता आपा बी ऱ्हायली न्हाई.”

“जाऊ द्या न्हवं, ऐक. वाडीत आलो व्हतो त्या सांजंला, इनुसच्या संगं. हसली ती आपा, ते खरं. पन तू बोलली व्हतीस. समुंदरातलं बारमाही बेट बघायचं म्हनून. तोंड दिसलं न्हाई तुझं, पन ते बोलनं मी इसरलो न्हाई. आजपतूर. म्हनून तर हे बेट, अमीर. तुझं म्हनून.”

अमीरबीचा हात थांबला. ती त्याच्याकडे बघत राहिली. त्या बघण्यात राग नव्हता. राग असता तर महबूबला बरं वाटलं असतं. तिला त्याची कीव आली होती, आणि ती कशी लपवावी हे तिला कळत नव्हतं.

“ते बी आपाच बोलली व्हती,” ती हळूच म्हणाली. “लई येड व्हतं तिला त्याचं. मरताना सुदिक बोलली, बेट ऱ्हाऊनच गेलं म्हनाली. मला तर पाण्याचं भ्या वाटतंय. वाळू तर नगंच वाटायची. पाय भाजायचं, डोळ्यांत जायची. समदा उन्हाळा मी कवा एकदा गावात जातेय, कवा झाडाखाली बसतेय असं करायची.”

“मंग तू... तू कुठं व्हतीस त्या सांजंला?”

“खोपीत. चुलीम्होरं. तुमच्यासाठनं भाकरी थापत व्हते. तुमी तीन खाल्ल्या.” ती जराशी हसली. “आईला म्हनाला बी, भाकरी मऊ हाय.”

महबूबनं आठवून बघितलं. वाळू आठवली, खरबुजाच्या फोडी आठवल्या, पाण्यावर डुचमळत गेलेलं कलिंगड, अमजदभाईंची दाढी, खोपीमागं गेलेला सूर्य. भाकरी आठवेना. आपण भाकरी खाल्ली होती हेच त्याला आठवेना. पेढ्यांची पुडी त्याच्या हातात तशीच होती. आई निदान आंधळी होती.

“मी जातो पोपटरावांकडं,” तो म्हणाला. “पास बदलून घेतो. पाया पडंन त्याच्या. माडाचं बेट घिऊ. तिथं सावली हाय, हीर हाय...” आणि बोलता बोलता त्याला जाणवलं की आपण पुन्हा तेच करतोय, काळोखात हात पुढं करून सापडेल त्या तोंडात साखर घालतोय. मग त्यानं जे विचारलं ते त्यानं संसारात कधी विचारलं नव्हतं. दोन दिवस तो विचारत होता ते निराळं; ते दोहोंतलं कुठलं एवढंच होतं.

“तुला कुठं जायचंय?”

अमीरबीनं वळून मागं बघितलं. मागं कुणी नव्हतं. स्वयंपाकघरात झाकलेली परात तेवढी दिसत होती.

“मला व्हय?”

“तुलाच,” तो लगेच म्हणाला.

मग ती थांबली. कंदील मांडीवर घेऊन, हिरव्या काचेवर बोट ठेवून ती समोर बघत राहिली. नळावरच्या बायका गेल्या होत्या. यार्डातून कुणाची तरी हाक ऐकू आली. महबूब भिंतीला टेकून तिच्या तोंडाकडे बघत होता, आणि ते तोंड त्याला काही सांगत नव्हतं. तिला हे घर सोडून जायचं असेल. वडगावला बहिणीच्या कबरीशी जाऊन बसायचं असेल. सावलीचं बेट असेल. लेकीकडे असेल. काहीही असू शकत होतं, आणि ते ऐकल्याशिवाय त्याला जागचं उठता येणार नव्हतं. थांबणाऱ्याला ते श्वास-दोन श्वासांचं वाटतं. पडद्याच्या पलीकडे बसलेल्याला किती मोठं असतं, ते त्याला आज, पिकल्या दाढीनं, कळत होतं.

“व्हतं कायतरी,” अमीरबी अखेर म्हणाली. “ल्हान असताना व्हतं. पन आता ध्यानात न्हाई बघा.”

तिनं कंदील वर धरला, एक डोळा मिटून काचेतून उजेडाकडे बघितलं आणि तो त्याच्या हातात दिला. त्याची गाडीची वेळ झाली होती.